तेरा कळ्या आणि एक

ज्यांच्या घरी मुलगी आहे, होती किंवा होण्याचा संभव आहे अशा समस्त जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या इमारतीत काही वर्षं एक कायदा लागू होता. तो कुठल्या सरकारने केलेला नव्हता आणि त्याला एकच कलम होतं. वाढदिवसाच्या दिवशी मुलीच्या खांद्यावर कळ्यांचा तुरा असेल, तर सूर्य मावळेपर्यंत तिला कोणीही, कोणत्याही कारणास्तव, 'नाही' म्हणायचं नाही. अपिलाची सोय नव्हती.

हा कायदा आणणारे गृहस्थ आमच्याच मजल्यावर एकटे राहायचे. आता ते अलिबागकडे आपल्या गावी परतलेत, त्यामुळे मी जरा मोकळेपणाने लिहू शकतो. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात ते क्वालिटीचे प्रमुख होते. दही आणि लबने, म्हणजे इथलं घट्ट दही, विकायला जे प्लास्टिकचे डबे लागतात ते आम्ही बनवतो. मी डिस्पॅचला. त्यांनी पास केलेला माल मी ट्रकमध्ये भरायचा अशी कामाची विभागणी होती. प्रत्यक्षात त्यांनी नापास केलेल्या मालाशेजारी उभं राहून ट्रक ड्रायव्हरची समजूत काढणं हे माझं काम होतं.

कारखान्यात त्यांना सगळे साहेब म्हणायचे. मालकाला अरबाब म्हणत, मॅनेजरला बॉस म्हणत, पण नुसतं 'साहेब आले' म्हटलं की मशीनवरची माणसं ताठ व्हायची, ती यांच्यासाठी. हातात येईल ती वस्तू उजेडासमोर धरून बघायची त्यांना सवय होती. डबा धरायचे, झाकण धरायचे, चहाचा कप धरायचे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी माझ्या बायकोची पोळी ट्यूबलाइटसमोर धरली. बायको दारात उभी राहून बघत होती. "कडेला जाड आहे," ते म्हणाले. मग पाच पोळ्या खाल्ल्या. बायको त्या दिवसापासून त्यांची भक्त झाली, का ते मला आजही कळलेलं नाही. मी तिच्या पोळीला सतरा वर्षं नुसतं 'छान' म्हणत आलोय.

'चालेल' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. "चालेल म्हणजे चालणार नाही, हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही चालेल म्हणता," असं ते म्हणायचे. खिशात लाल स्टिकरची गुंडाळी कायम. नापास मालावर लाल स्टिकर. मी नवी गाडी घेतली, पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो, ते खाली उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या दरवाजापाशी वाकून एक लाल स्टिकर लावला. तिथे रंगाचा फुगवटा होता. शोरूमवाल्याला मी आठवडाभर छळलं, तेव्हा त्याने तो दुरुस्त करून दिला. पेढा मात्र पास झाला होता.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. यावर कारखान्यातलं अधिकृत मत पॅकिंगचा सुपरवायझर इक्बालभाई याचं होतं. इक्बालभाई श्रीवर्धनचा. बायको-मुलं गावाला, हा इथे कंपनीच्या खोलीत. तोंडाला कुलूप नाही. "साहेबांनी पोरी बघितल्या असतील पंचवीस-तीस," तो सांगायचा, "एकेकीला उजेडात धरून बघितली असेल. त्यांचे बाप काय करणार मग?"

तर अशा माणसाने फुलांच्या नादी लागावं हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पहाटे ते गॅलरीत काहीतरी ओतताना दिसायचे. आम्हाला वाटलं, गळतीची टेस्ट चालली असेल. पण तिथे मोगऱ्याच्या कुंड्या होत्या, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून ते त्यांना घालत होते. अजमानच्या उन्हात मोगरा असा फुलतो की गावाकडच्या मोगऱ्याला लाज वाटावी.

त्यांना चार बहिणी, चौघी मोठ्या, हे शेंडेफळ. वाढदिवसाला त्यांची आई मुलीच्या झग्याच्या खांद्यावर तुरा बांधायची. जितकं वय तितक्या कळ्या, मागे एक पान, आणि बांधायला केळीच्या सोपटाचा भिजवलेला दोर. घरात पैसा नव्हता, तर निदान एक दिवस पोरीला कोणी नाही म्हणू नये, असा आईचा नियम. तुरा लावून ती मुलगी शाळेत जायची. त्या दिवशी मास्तर छडी उचलत नसत, आणि दुकानदार बरणीतली गोळी काढून हातावर ठेवायचा. सगळ्या आळीला कायदा माहीत होता. कळ्या तोडून आणायचं आणि दोर भिजवायचं काम धाकट्या भावाचं. त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. "माझा तुरा कधीच सुटला नाही," ते सांगायचे. स्वतःबद्दल त्यांनी काढलेला तेवढा एकच चांगला शब्द मी ऐकलाय.

बहिणी सासरी गेल्या, आई गेली, तुरा बंद पडला. तो त्यांनी अजमानमध्ये, बारा मजली इमारतीत, पुन्हा सुरू केला.

पहिला मान तिसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबातल्या सहा वर्षांच्या मुलीला मिळाला. साहेब सकाळी जाऊन दार वाजवून तुरा देऊन आले, इंग्रजीत कायदा समजावून आले. मुलीने विचार केला आणि लिफ्टची सगळी बटणं दाबायची आहेत असं सांगितलं. संध्याकाळी पाचची वेळ, लोक कामावरून परतलेले, हातात सामानाच्या पिशव्या. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. आत साहेब हात मागे बांधून उभे, शेजारी ती मुलगी. कोणी त्रासून काही बोललं की साहेब तिच्या खांद्याकडे बोट दाखवायचे. "कायदा आहे," ते म्हणायचे. तळमजल्यावर एक पाकिस्तानी टॅक्सीवाला दोन्ही हातांत दुधाचे कॅन घेऊन खोळंबला होता. त्याने कायदा ऐकून घेतला, कॅन खाली ठेवले आणि म्हणाला, "बेटा, एक बार और दबाओ."

पुढे एका चार वर्षांच्या बयेने घरी उंट आणा असं सांगितलं. तिचा बाप साहेबांच्या दारात येऊन रडकुंडीला आला. "अहो, तुमचा कायदा, तुम्हीच निस्तरा." साहेब मोजपट्टी घेऊन खाली गेले. मुलीला घेऊन त्यांनी लिफ्टचं दार मोजलं, आतली लांबी मोजली, उंची मोजली. मग तिला विचारलं, "उंट मान खाली घालून उभा राहील. बारा मजले. चालेल का त्याला?" मुलगी बराच वेळ लिफ्टकडे बघत राहिली. "ही विल बी सॅड," असं म्हणून तिने उंट स्वतःच नापास केला. साहेबांनी नाही म्हटलं नव्हतं. हे त्यांचं तंत्र.

आई-बाप मात्र तुऱ्याला टरकून असायचे. त्यांची सगळी भिस्त उन्हावर. कळ्या मलूल झाल्या की कायदा संपला, असा अर्थ काही पालकांनी काढायला सुरुवात केली, आणि मुलीला पार्किंगमध्ये उन्हात खेळायला सोडलं. साहेबांनी दोनच दिवसांत पानाच्या मागे ओला कापूस आणि त्यावर दह्याच्या डब्याच्या झाकणाचा पातळ तुकडा बसवला. त्यानंतर तुरा रात्रीच्या जेवणापर्यंत टवटवीत राहायला लागला. माझी बायको एकदा चेष्टेत म्हणाली, "साहेब, दुबईला करामाच्या बाजारात अठरा दिऱ्हमला गजरा मिळतो, म्हणजे चारशेच्या वर रुपये झाले, पण तो दुपारपर्यंत मान टाकतो." साहेब म्हणाले, "त्यांचं पॅकिंग बघितलंय का तुम्ही?"

ज्यांच्या मुली गावाला, त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. तुरा बापाच्या खांद्यावर, ड्यूटी संपल्यावर, खोलीतून व्हिडिओ कॉल. इक्बालभाईची मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा मी तिथे होतो. हा एवढा दांडगा माणूस बनियनवर तुरा लावून कॉटवर बसलेला. पलीकडून पोरगी हसून हसून वेडी झाली. मग थांबली आणि म्हणाली, "अब्बा, ईदला या." इक्बालभाईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्याची सुट्टी नामंजूर झालेली होती. तो गप्प बसला, कारण नाही म्हणायची बंदी. दुसऱ्या दिवशी साहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. काय बोलले माहीत नाही. बाहेर आले आणि इक्बालभाईला म्हणाले, "यल्ला, बॅग भर. तुझ्या जागी मी बसतो पॅकिंगला." आणि बसले. त्या आठवड्यात पॅकिंगवरच्या पोरांचे इतके हाल झाले की इक्बालभाई परत आला तेव्हा त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पण प्रथा जिवंत करणं सोपं नव्हतं. लहान मुली तुरा मिरवायच्या, पण दहा-अकराच्या पुढे गेल्या की त्यांना लाज वाटायला लागायची. साहेबांसमोर लावायच्या, थँक्यू अंकल म्हणायच्या आणि लिफ्टमध्ये काढून टाकायच्या. आमची सई त्यांतलीच. आम्हा सगळ्या पालकांना हे ठाऊक होतं, पण आम्ही अळीमिळी गुपचिळी. मग एकदा तळमजल्यावर, आग विझवायच्या नळाच्या पेटीवर, साहेबांना एक तुरा पडलेला सापडला. ताजा, सगळ्या कळ्या शाबूत. त्यांनी तो उजेडासमोर धरला. मी शेजारी होतो. मला वाटलं, आता लाल स्टिकर निघणार. त्यांनी तुरा हळूच खिशात ठेवला.

"घरात घातलेला तुरा म्हणजे गोदामात पडलेला माल," ते म्हणाले. "तुम्ही डिस्पॅचवाले आहात, तुम्हाला सांगायला नको. माल बाहेर गेला पाहिजे. आईचा तुरा शाळेत जायचा."

"साहेब, मुलींना चिडवतात हो शाळेत."

"मग प्रथा नापास. दोष मालात आहे, गिऱ्हाइकात नाही." त्यांनी बोटं मोजली. "मे महिन्यात तुमची सई तेरा पूर्ण करते. ती शाळेत घालून गेली आणि घालून परत आली, तर पुढे. नाही तर खलास. कुंड्या मी खालच्या लाँड्रीवाल्याला देऊन टाकतो. आणि तिला आग्रह करायचा नाही. आग्रहाचं फूल मला नको."

मी सईला आग्रह केला नाही. फक्त जे ठरलं ते जेवताना मोठ्याने बायकोला सांगितलं. सई मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, आय कॅन हिअर यू."

वाढदिवसाच्या सकाळी, स्कूल बस यायच्या जरा आधी, साहेब दारात. तळहातावर तुरा. तेरा कळ्या, एकही उमललेली नाही, एकही हिरवी नाही. सईने युनिफॉर्मच्या खांद्याला तो स्वतः बांधला. आरशात बघितलं. मग वळली आणि मला आमच्या घरात तोवर न दिसलेलं एक हसू हसली.

"अंकल, आता तुम्ही मला नो म्हणू शकत नाही. राइट?"

साहेब सावध झाले. "सूर्य मावळेपर्यंत."

"आय विल वेअर इट ऑल डे. इफ यू वेअर वन. टू द फॅक्टरी. ऑल डे."

साहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. "मुलगे घालत नाहीत," ते म्हणाले.

"धॅट्स सो अनफेअर."

"आणि माझा वाढदिवस नाही आज."

"मग कधी असतो?"

"एक जून."

"ओके, रिअल वन?"

साहेबांनी चष्मा सरळ केला. मग म्हणाले, "एक जून हेडमास्तरांनी घातलेली तारीख आहे. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. शाळेत नाव घालायला तारीख लागायची, कोणाच्या आई-बापाला माहीत नसायची."

"बट युअर मॉम न्यू. सगळ्या सिस्टर्सचं माहीत होतं ना?"

"त्यांचे तुरे असायचे ना, म्हणून लक्षात राहायचं. मी पाचवा. आई म्हणायची, आपली तांबू गाय व्याली त्या आठवड्यातला तू."

"आणि काऊचा बर्थडे?"

"ते कोण लिहून ठेवणार."

खालून बसचा हॉर्न वाजला. बायको म्हणाली, "सई, बस." सई जागची हलली नाही. "मग तुम्हाला बर्थडेच नाहीये," ती म्हणाली. "टेक माइन." साहेबांच्या दुसऱ्या हातात जादा म्हणून आणलेली एक कळी होती. ते कायम एक जादा आणायचे. सईने ती घेतली, उरलेल्या दोराने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खांद्याला बांधली. "हाऊ ओल्ड आर यू, डझन्ट मॅटर. धिस इज युअर फर्स्ट." आणि पायऱ्यांवरून धावत गेली. साहेब त्या एका कळीकडे मान वाकडी करून बघत उभे राहिले.

अजमानहून हमरियाला ते माझ्या गाडीतून आले. खांदा जपून बसले होते, प्लास्टर घातल्यासारखा. गेटवर सिक्युरिटीवाल्याने सलाम ठोकला आणि हात तसाच वर राहिला. मॅनेजर धावत आला. "साहब, ये क्या है? निकालिए, ऑडिटर पहुँच रही है."

"नहीं निकाल सकता."

"फ्लोअर पे कैसे जाएंगे? रूल है ना!"

रूल साहेबांनीच केलेला. खाण्याच्या डब्यांचा कारखाना. पिवळ्या रेषेपलीकडे अंगठी नाही, घड्याळ नाही, पिन नाही, परकी वस्तू म्हणून काही नाही. एका ऑपरेटरला त्यांनी मनगटातल्या लाल दोऱ्यासाठी बाहेर काढलं होतं. आता इकडे आईचा कायदा, तिकडे स्वतःचा. तुरा काढला तर सईचा तुरा उतरला, आणि प्रथा गेली. तुरा घेऊन आत गेले तर आयुष्यभराची इज्जत गेली, तीही ऑडिटरच्या देखत.

साहेब पिवळ्या रेषेशी उभे राहिले. पॅकिंगची सगळी माणसं कामाचं नाटक करत बघत होती. त्यांतल्या निम्म्यांच्या मुलींना साहेबांनी तुरे दिलेले. एक कळी म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको होतं. मग साहेबांनी पाहुण्यांसाठी ठेवतो तो पारदर्शक प्लास्टिकचा लांब कोट मागवला. शर्टावरून चढवला, गळ्याशी, मनगटाशी, खालून, सगळीकडून टेपने सील केला. इक्बालभाईला बोलावलं. "तपास. फट दिसते का?"

इक्बालभाईने त्यांना गोल फिरवून बघितलं. इतक्या वर्षांत ही संधी त्याला पहिल्यांदाच मिळत होती. "डाव्या बगलेत जरा सैल वाटतंय," तो गंभीरपणे म्हणाला. साहेबांनी आणखी टेप लावली. आणि आत गेले.

ऑडिटर बाई युरोपातल्या कुठल्याशा देशातल्या, उंच, अबोल. दिवसभर त्यांनी मशीन बघितल्या, रेकॉर्ड बघितलं, आणि मधून मधून साहेबांचा खांदा बघितला. त्या प्लास्टिकमध्ये एसी असूनही साहेब घामाने निथळत होते. मी डिस्पॅचच्या बाजूला, जिथून खोके बाहेर येतात त्या पडद्यापाशी, दर थोड्या वेळाने डोकावायचो. साहेब भुवई उंचावून विचारायचे. मी मान हलवायचो, अजून कळलं नाही. शाळेत मोबाइल न्यायला बंदी.

दुपारी उशिरा, मालात धातूचा कण नाही ना या चाचणीसाठी, लाइन बंद केली. मशीन थांबल्या. इतकी शांतता त्या हॉलमध्ये कधी नसते. नेमका तेव्हा बायकोचा फोटो आला. सई घराच्या दारात, दप्तर पाठीवर, केस विस्कटलेले, खांद्यावर तुरा. कळ्या जरा चुरगळलेल्या, पण तेराच्या तेरा जागेवर. खाली बायकोने लिहिलं होतं, 'दिवसभर घातला. सकाळी दोन पोरांनी चिडवलं, तिने ऐकून घेतलं. वर्गातल्या तीन मुलींनी आपापली तारीख दिलीय.'

मी रेषेच्या अलीकडूनच मोबाइल पडद्याच्या फटीतून धरला आणि बायकोने लिहिलेलं वाचून दाखवलं. मोठ्याने, कारण साहेबांचा चष्मा घामाने भरला होता. साहेब फोटोकडे बघत राहिले. मग त्यांनी काहीतरी केलं जे आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. ते दात दिसेपर्यंत हसले.

ऑडिटर बाईंना तेवढं पुरलं असावं. त्यांनी पेन खाली घेतलं आणि त्या प्लास्टिकआडच्या कळीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे.

"फॉरेन बॉडी," साहेब म्हणाले. "आयडेंटिफाइड अँड सील्ड." मग जरा थांबून, "इट इज माय बर्थडे."

बाईंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी हात पुढे केला, हॅपी बर्थडे म्हणाल्या, आणि किती वर्षं पूर्ण झाली ते विचारलं.

साहेबांनी मान वळवून खांद्याकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"वन," ते म्हणाले.

मशीन अजून बंदच होत्या. पॅकिंगच्या टेबलामागून इक्बालभाई स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलून गेला, "तरीच मी म्हणतो, एवढी किरकिर कशाची."